१,९२,००० किलोमीटर झालेल्या लिनियाचे रिमॅपिंग करावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार. रिमॅपिंग म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील (ईसीयूतील) तक्ते बदलून ताकद वाढवणे, त्याबद्दल विचारायचे आहे. आमच्या घरी २०१२ सालची फियाट लिनिया आहे. इंजिन १.३ मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचे, म्हणजे कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ४००० आरपीएमला ९३ पीएस आणि २००० आरपीएमला २०९ न्यूटन मीटर देणारे. गाडी आबांनी कोरी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लांबच्या प्रवासाला गाडी चालवणे सोडले, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे, आणि आजचे रनिंग १,९२,००० किलोमीटर आहे. ऑइल दर १०,००० किलोमीटरला न चुकता बदललेले आहे. १,१८,००० ला क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली. इंजिन एकदाही उघडलेले नाही, टायमिंग चेनला हात लावलेला नाही आणि टर्बोही मूळचाच आहे.

माझा आठवड्यातून दोनदा वाई ते पुणे असा प्रवास होतो आणि शिवाय महिन्यातून चार-पाच वेळा पसरणी घाटाने पाचगणी-भिलारला जावे लागते. ही गाडी १८०० आरपीएमच्या खाली थोडी सुस्त असते, ते मला ठाऊक आहे आणि त्याची आम्हा सर्वांना सवयही झालेली आहे. परंतु पसरणी घाटात ज्या वळणांवर पूर्वी तिसऱ्या गिअरमध्येच गाडी ओढत असे, तिथे गेल्या वर्षभरापासून दुसरा गिअर टाकावा लागतो. पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर चार माणसे आणि सामान असले, की ट्रकच्या मागून बाहेर पडण्याचा धीर होत नाही. ॲव्हरेज पूर्वी १८ च्या आसपास मिळत असे, ते आता १६ वर आले आहे.

पुण्यातील एका ट्यूनरशी फोनवर बोललो. ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटमधून) दोन तासांत रिमॅप करून १२० पीएस आणि २६० न्यूटन मीटर मिळतील, ॲव्हरेजही वाढेल आणि रनिंग कितीही असले तरी काही बिघडत नाही, असे त्यांनी सांगितले. गाडी पाहण्याची गरज त्यांना वाटली नाही, आणि मला नेमकी तीच गोष्ट खटकली.

फियाटने २०१९ मध्ये भारतातील आपल्या मोटारींची विक्री थांबवली, त्यामुळे अशी गाडी पुन्हा मिळणार नाही. ती मला आणखी निदान पाच वर्षे चालवायची आहे. या रनिंगला इंजिन रिमॅप सोसेल का, आधी काय तपासावे, रिमॅपऐवजी मिळणारे ट्यूनिंग बॉक्स बरे का, आणि कायदा व विमा यांचे काय, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे ही विनंती.

डिझेलतंत्र

कृष्णाकाठ, तुमच्याच लेखनातील एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. घाटात पूर्वी तिसरा गिअर चालत होता आणि आता चालत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ तुमच्या गाडीला कंपनीने दिलेली ताकद अपुरी पडते असे नसून, ती ताकदच आज चाकांपर्यंत पोहोचत नाही. ॲव्हरेज १८ वरून १६ वर येणे हे त्याच आजाराचे दुसरे लक्षण आहे. अशा गाडीचे रिमॅप करणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक पोते ठेवण्यासारखे आहे.

हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी ईसीयू नेमके काय करतो ते पाहू. डिझेल इंजिनमध्ये पेट्रोलप्रमाणे हवा अडवून ताकद कमी-जास्त केली जात नाही, ती इंधनाच्या मात्रेने ठरते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा ईसीयू ती टॉर्कची मागणी समजतो, त्या टॉर्कसाठी प्रत्येक स्ट्रोकला किती मिलिग्रॅम डिझेल लागेल ते काढतो, आणि मग ती मात्रा अनेक मर्यादांच्या चाळणीतून गाळतो. त्यांतली एक मर्यादा धुराची असते. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा जितकी असेल तितकेच डिझेल सोडायचे, म्हणजे काळा धूर होत नाही. आता इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजला चीर गेली असेल, टर्बोच्या व्हेन (आतली हलती पाती) काजळीने जाम झाल्या असतील किंवा एअरफ्लो सेन्सर घाण झाल्यामुळे हवा कमी दाखवत असेल, तर ईसीयू इमानदारीने डिझेल कमी करतो. गाडी धूर मारत नाही, दिवाही लागत नाही, फक्त ओढत नाही. पुष्कळदा या अवस्थेत लोक रिमॅप करतात, ट्यूनर धुराची मर्यादा सैल करतो, गाडी पुन्हा पळू लागते आणि मूळ आजार झाकला जातो. हवा तितकीच आणि डिझेल जास्त, म्हणजे एक्झॉस्टचे तापमान वाढले, आणि ते सगळे टर्बोच्या टर्बाइनवर जाऊन आदळते. अशा छोट्या डिझेल टर्बोमध्ये टर्बाइनच्या तोंडाशी सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे सतत राहणे हे धोक्याचे असते.

पसरणी घाटाचा आणखी एक मुद्दा आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. पाचगणीला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ टक्के कमी असतो. इंजिनला तितकीच हवा द्यायची तर टर्बोला तिथे अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून कंपनीच्या मॅपमध्ये उंचीप्रमाणे बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) मागणी उतरवणारे तक्ते असतात. पुण्यात सपाट रस्त्यावर रिमॅप करून चाचणी घेणारा ट्यूनर हे तक्ते जसेच्या तसे ठेवतो की सपाट करून टाकतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तुमची गाडी आयुष्यभर घाटात चालणार आहे, तेव्हा हा प्रश्न जरूर विचारा.

तपासणीसंबंधी. स्कॅनर लावून फक्त एरर कोड वाचणारा नको, चालत्या गाडीत लाइव्ह डेटा नोंदवून देणारा माणूस शोधा. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट, मागितलेले रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, आणि एअरफ्लो यांचा आलेख घ्या. हा एक आलेख निम्मे निदान करून देतो. बूस्ट मागे पडत असेल तर होज, इंटरकूलर, व्हेन आणि त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर पाहायचे. रेल प्रेशर मागे पडत असेल तर डिझेल फिल्टर, पंप आणि इंजेक्टर.

इंजेक्टरची रिटर्न टेस्ट अवश्य करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या मापाच्या बाटल्यांत सोडून ठराविक वेळ इंजिन चालवतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरते तो इंजेक्टर आतून झिजलेला असतो. दीड हजार बारच्या आसपास दाब सांभाळणारी ही यंत्रणा आहे, आणि रिमॅपमध्ये बहुधा हा दाब किंवा इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ वाढवला जातो. झिजलेला इंजेक्टर थेंब गाळू लागला तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडेपर्यंत पाळी येते. त्यासोबत ग्लो प्लगच्या भोकातून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती, याकडे अधिक लक्ष द्या. टर्बोचा पाइप काढून शाफ्ट हाताने हलवून पाहा. आडवा किंचित हलणे चालते, पुढे-मागे हलत असेल तर टर्बोचे काम काढावे लागेल.

चेनविषयी. या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे आणि ती ठराविक किलोमीटरला बदलावी लागत नाही हे खरे, पण ती ऑइलवर जगते. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास असते, म्हणजे ते लवकर तापते आणि त्यात मिसळलेली काजळी किंवा डिझेल यांचा परिणामही लवकर होतो. पहाटे थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ खळखळ ऐकू येत असेल तर रिमॅपचा विषय तिथेच थांबवा आणि आधी चेन व टेन्शनर पाहा.

घाटमाथा

डिझेलतंत्र यांनी लिहिलेले मी स्वतः भोगलेले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे दोन लिटर डिझेलची एक सेडान होती. १,६०,००० किलोमीटरला तिचे रिमॅप केले. करणाऱ्याचे नाव घेत नाही. गाडी सकाळी सोडली, दुपारी मिळाली. पहिले आठ महिने माझ्याइतका आनंदी माणूस नव्हता. मुंबईहून कोल्हापूरपर्यंत गाडी जणू रस्ता गिळत येत असे. मग एके दिवशी पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला. क्लच घसरत होता. तोच क्लच रिमॅपच्या आधी व्यवस्थित होता, म्हणजे मूळ टॉर्क पेलण्याइतका शिल्लक होता, वाढीव टॉर्क पेलण्याइतका शिल्लक नव्हता. क्लच बदलला. त्यानंतर पाच महिन्यांनी टर्बोने शिट्टी धरली, आणि एका रात्री आंबोली घाटात निळा धूर सुटला. टर्बोच्या सीलमधून ऑइल इनटेकमध्ये जात होते. सुदैवाने मी गाडी ताबडतोब बंद केली, अन्यथा डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत अनावर धावत सुटते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही.

टर्बो बदलायला गेलो तेव्हा दुसऱ्या ट्यूनरने ईसीयूतील फाइल वाचून दाखवली. माझ्या गाडीसाठी म्हणून काहीही केलेले नव्हते. त्या मॉडेलची एक तयार फाइल कुठून तरी मिळवून घातलेली होती, जी कमी रनिंगच्या गाडीवर कदाचित चालली असती. बूस्टवरची अखेरची सुरक्षा मर्यादा तर पार वर नेऊन ठेवली होती. माझी मूळ फाइलही पहिल्या माणसाने जपून ठेवलेली नव्हती, ती मिळवायला आणखी पंधरा दिवस गेले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, कोणाकडूनही काम करून घ्यायचे असेल तर त्याने रिमॅपच्या आधी आणि नंतर तुमच्या गाडीचा लाइव्ह डेटा नोंदवलाच पाहिजे, मूळ फाइल तुमच्या हातात पेन ड्राइव्हवर दिली पाहिजे, आणि कोणते तक्ते किती बदलले हे तोंडी का होईना, पण समजावून सांगितले पाहिजे. गाडी न पाहता फोनवर आकडे सांगणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

पाऊणशेर

ट्यूनिंग बॉक्सचे मी सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. कॉमन रेल गाड्यांसाठी मिळणारे स्वस्त बॉक्स रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतात आणि ईसीयूला खोटा, कमी दाब सांगतात. ईसीयूला वाटते की दाब कमी पडतो आहे, म्हणून तो वाढवतो. परिणामी रेलमधील खरा दाब ईसीयूला माहीत असलेल्या दाबापेक्षा जास्त राहतो. म्हणजे ज्याच्यावर इंजिनच्या रक्षणाची जबाबदारी आहे त्याच्याच डोळ्यावर पट्टी बांधायची. बॉक्स काढला की गाडी पूर्ववत होते एवढाच त्याचा गुण. नव्या गाडीवर वॉरंटीच्या काळात लोक तो वापरतात, पण १,९२,००० किलोमीटर चाललेल्या इंजेक्टरांवर मी तो कधीही लावणार नाही.

नेकारकाठ

मी मूळचा साताऱ्याचा, गेली काही वर्षे स्टुटगार्टला इंजिन कॅलिब्रेशनच्या क्षेत्रात काम करतो. तुमच्या गाडीवर मी काम केलेले नाही, परंतु कंपन्या मॅप कशा बसवतात त्याविषयी थोडे लिहितो, कारण सगळ्या चर्चेचे मूळ तिथे आहे.

ट्यूनर नेहमी सांगतात की कंपनीने इंजिनला मुद्दाम बांधून ठेवलेले असते आणि आम्ही ते मोकळे करतो. कंपनी काही ताकद राखून ठेवते हे खरे आहे. पण ती कोणासाठी राखते? लाखो इंजिने तयार होतात तेव्हा प्रत्येक इंजेक्टर, प्रत्येक सेन्सर, प्रत्येक टर्बो थोडा वेगळा असतो. काहींच्या वाट्याला एप्रिल-मेमधील विदर्भ येतो, काहींच्या वाट्याला लडाख. कोणी हलके डिझेल भरतो, कोणी एअर फिल्टर वर्षानुवर्षे बदलत नाही. या सगळ्यांत जे सर्वांत दुर्दैवी इंजिन असेल तेही टिकावे एवढी जागा मॅपमध्ये सोडलेली असते, आणि त्या जागेतला मोठा वाटा म्हातारपणासाठी असतो. तुमच्या लिनियाने १,९२,००० किलोमीटरमध्ये त्यातला बराचसा वाटा आधीच वापरलेला आहे. कोऱ्या इंजिनवर २५ टक्के टॉर्क वाढवणारी फाइल राखीव जागेतून घेते, तर जुन्या इंजिनवर तीच फाइल धातूतून घेते.

आणखी एक हिशेब पाहा. २००० आरपीएमला २०९ न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ५९ पीएस. तुम्हाला सांगितलेले २६० न्यूटन मीटर तिथे खरोखर दिले तर ते सुमारे ७४ पीएस होतात. ओव्हरटेक करताना जाणवते ती ही वाढ, १२० पीएसचा वरचा आकडा ४००० आरपीएमपाशी असतो आणि घाटात तिथे तुम्ही क्वचितच जाता. पण कमी आरपीएमला जास्त टॉर्क हीच गोष्ट इंजिनला सर्वांत जड जाते. इंजिन सावकाश फिरत असते, सिलिंडरमधला दाब अधिक काळ बेअरिंगवर राहतो, ऑइलचा थर पातळ असतो आणि क्लचवर पूर्ण भार येतो. म्हणजे तुम्हाला जे हवे आहे तेच महाग आहे.

जर्मनीत अशा बदलासाठी तपासणी संस्थेचा दाखला घेऊन तो गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो, अन्यथा गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच संपुष्टात येते. त्यामुळे इथले चांगले ट्यूनर धुराची आणि आवाजाची चाचणी करूनच फाइल विकतात. भारतात तशी सोय नसल्याने पारख करण्याची जबाबदारी मालकावर येते.

नोंदवही

कायद्याचा प्रश्न विचारला आहे म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आले, आणि त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रस्त्यावर कोणी पकडत नाही, असे लोक म्हणतात. रस्त्यावर कदाचित पकडणार नाही. परंतु मोठा अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने ईसीयू तपासायला घेतला, तर न कळवलेला बदल हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते. रिमॅप करणार असाल तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या.

दुसरी गोष्ट धुराची. तुमची गाडी भारत स्टेज ४ ची असेल तर पीयूसीच्या वेळी धुराची मर्यादा प्रतिमीटर १.६२ आहे, जी हार्ट्रिज मोजपट्टीवर ५० येते. त्याआधीच्या गाड्यांना २.४५, म्हणजे ६५ पर्यंत सवलत आहे. धुराची मर्यादा सैल केलेली जुनी डिझेल गाडी या आकड्यात सहसा बसत नाही. तुमच्या गाडीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावी लागेल आणि पर्यावरण करही भरावा लागेल. पाच वर्षे गाडी चालवायची असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे ही तपासणी तुमच्या वाटेत आहेच. रिमॅपबरोबर ईजीआर (जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून देतो असे कोणी सांगितले तर ते मुळीच करू नका. त्याने इनटेकमधली काजळी कमी होते हे खरे असले, तरी नायट्रोजनच्या ऑक्साइडचे प्रमाण वाढते आणि तो धूर वाईतल्याच मुलांच्या छातीत जातो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेल्या तपासण्या एकेक करून घेतल्या.

साताऱ्यातील एका जुन्या मिस्त्रींनी, ज्यांनी मल्टिजेटची पुष्कळ इंजिने उघडलेली आहेत, माझ्यासोबत बसून आलेख काढला. तिसऱ्या गिअरमध्ये १८०० ते २६०० आरपीएमच्या दरम्यान प्रत्यक्ष बूस्ट मागणीच्या बराच खाली राहत होता, त्यानंतर हळूहळू जवळ येत होता. इंटरकूलरकडून येणारी रबरी होज क्लॅम्पखाली ऑइलने फुगून चिरली होती आणि दाब आला की चीर उघडत होती. गाडी उभी असताना ती हाताला लागतसुद्धा नव्हती. व्हेनचा ॲक्च्युएटर हलत होता, पण अखेरच्या टप्प्यात अडकत होता. मिस्त्रींनी टर्बो उतरवून व्हेनची काजळी साफ केली. शाफ्ट पुढे-मागे हलत नाही, आडवा किंचित हलतो. कॉम्प्रेशनमध्ये चारही सिलिंडरांत दोन बारपेक्षा कमी फरक आहे, हे ऐकून आबांना फार बरे वाटले. रिटर्न टेस्टमध्ये तिसऱ्या इंजेक्टरची बाटली इतरांच्या जवळजवळ दुप्पट भरली, तो पुण्याहून दुरुस्त करून आणला. एअरफ्लो सेन्सर साफ केला, डिझेल फिल्टर बदलला. चेनचा आवाज पहाटेही येत नाही.

या रविवारी आम्ही चौघे पाचगणीला गेलो. ज्या दोन वळणांबद्दल मी लिहिले होते, त्या दोन्हींवर तिसरा गिअर चालला. मागच्या सीटवरून आबा म्हणाले, "आता ही आपली गाडी." ॲव्हरेज दोन टाक्यांच्या हिशेबाने १७.६ आले.

आता खरे सांगायचे तर रिमॅपची निकड राहिलेली नाही. तरीही खंबाटकीवर भरलेल्या गाडीला थोडा अधिक जोर असता तर बरे, असे अजून वाटते. डिझेलतंत्र, या सगळ्या निकालांवरून सौम्य रिमॅप करायला हरकत नसेल तर ते कसे असावे?

डिझेलतंत्र

हे निकाल या रनिंगच्या मानाने उत्तम आहेत, आणि दर १०,००० ला बदललेल्या ऑइलचे ते फळ आहे. तरीही मी लगेच करू नका असे म्हणेन. दुरुस्त केलेला इंजेक्टर आणि साफ केलेला टर्बो यांना तीन-चार हजार किलोमीटर चालू द्या आणि पुन्हा एकदा तोच आलेख काढा. मध्ये तफावत आली नाही तर पुढचे बोलू.

क्लचला ७४,००० किलोमीटर झाले आहेत. चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून, चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा वेगाच्या पुढे धावत असेल तर आधी क्लच. घाटमाथा यांचा अनुभव तुमच्यासमोर आहेच.

रिमॅप करायचेच ठरले तर ट्यूनरला आकडा तुम्ही सांगा, त्याने तुम्हाला सांगू नये. कमाल टॉर्क २३० न्यूटन मीटरच्या पुढे नको, म्हणजे मूळच्या १० टक्केच वर. तोही २००० च्या खाली मुळीच वाढवायचा नाही, २२०० ते ३२०० या पट्ट्यात वाढवायचा. खंबाटकीवर ट्रक ओलांडताना तुम्ही याच पट्ट्यात असता. धुराची मर्यादा, उंचीचे तक्ते, तापमानाप्रमाणे ताकद उतरवणारे तक्ते आणि बूस्टची अखेरची मर्यादा यांना हात लावायचा नाही, आणि हे त्याच्याकडून लिहून घ्यायचे. रेल प्रेशरही मूळचेच राहू द्या. एवढ्या बंधनात काम होत नाही असे तो म्हणाला तर उठून या. ॲव्हरेज वाढण्याच्या आश्वासनावर फार विसंबू नका, तुमच्या गाडीचे ॲव्हरेज होज बदलल्याने वाढले आहे.

रिमॅप झाल्यावर ऑइल १०,००० ऐवजी ७,५०० ला बदला. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडलिंगला राहू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधले ऑइल करपून चिकटत नाही. ही सवय रिमॅप केला नाही तरी लावून घ्या, भिलारला पोहोचल्यावर आबांना आधी उतरवा आणि तेवढा वेळ इंजिन चालू ठेवा.

कृष्णाकाठ

क्लचची चाचणी काल घाटात केली. काटा किंचित पुढे धावतो, मला शंका होती तिथे मिस्त्रींनी शेजारी बसून खात्री केली. क्लच पुढच्या महिन्यात बदलतो आहे. चार हजार किलोमीटर झाल्यावर दुसरा आलेख काढून इथेच देईन, आणि रिमॅपचे तेव्हाच ठरवू.